नक्कल ऐकावी कुठे? जुने सिंथेसायझर आणि त्यांची सॉफ्टवेअर रूपं



स्मृतिव्याख्यानाचा विषय भारदस्त असावा अशी आपल्याकडे समजूत आहे. मी विषय कळवला तेव्हा संयोजकांनी जरा चाचरतच विचारलं, ‘सिंथेसायझर म्हणजे ऑर्केस्ट्रात असतो तोच ना?’ हो, तोच. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांची उभी हयात ध्वनिमुद्रणात गेली. यंत्राचं झाकण उघडून आत डोकावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तेव्हा आज आपणही झाकण उघडूनच बोलू.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतले अ‍ॅनालॉग सिंथेसायझर, म्हणजे मिनीमूग, प्रॉफेट-5, ज्युपिटर-8, सीएस-80 ही मंडळी, आज लॅपटॉपवर सॉफ्टवेअरच्या रूपात मिळतात. मूळ मिनीमूग घ्यायचा तर काही लाख रुपये मोजावे लागतात, तेही चालू स्थितीतला सापडला तर. त्याची सॉफ्टवेअर नक्कल काही हजारांत येते. मग स्टुडिओत येणारा प्रत्येक होतकरू मुलगा विचारतो, ‘सर, ओरिजिनलसारखं वाजतं का?’ माझं म्हणणं असं की हा प्रश्न असा मोघम विचारला तर उत्तर मिळत नाही, नुसती भांडणं होतात. नक्कल ज्या जागी पकडली जाते त्या जागा ठरलेल्या आहेत. तिथे कान लावला तर पाच मिनिटांत निकाल लागतो. एरवी दोन्ही आवाज सारखेच वाटतात, आणि बहुतेक वेळा ते असतातही सारखेच.

सुरुवात मुंबईपासून करू. 1982 साली चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाची एक ध्वनिमुद्रिका एचएमव्हीने काढली. नाव होतं ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’. चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या वादकवृंदात गिटार आणि इतर वाद्यं वाजवणारे. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीबी-303 हे बेसचं छोटं यंत्र आणि टीआर-808 हे तालाचं यंत्र. त्यावर भैरव, ललत, भूपाली, तोडी, मालकंस असे दहा राग वाजवले. ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. 2010 मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रसिद्ध केली आणि परदेशात लोकांनी कान टवकारले. कारण 303 चा जो आवाज 1987 मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मुळे जगभर गेला, तसाच आवाज मुंबईत पाच वर्षं आधी वाजून गेला होता. आता ‘अ‍ॅसिड हाउसचा, म्हणजे या आवाजावर उभ्या राहिलेल्या नृत्यसंगीताचा, शोध मुंबईत लागला’ असं कुणी म्हणू लागलं की मी गप्प बसतो. शिकागोच्या त्या पोरांना ही तबकडी माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं, आणि चरणजित सिंग यांच्या डोक्यात डिस्को होता. पण आजच्या विषयासाठी हे उदाहरण सोयीचं आहे. ती तिन्ही यंत्रं आज रोलंड स्वतःच सॉफ्टवेअर म्हणून विकते आणि इतर अनेकांनीही त्यांच्या नकला केल्यात. म्हणजे ती अख्खी ध्वनिमुद्रिका आज एखादा मुलगा डोंबिवलीच्या आपल्या खोलीत बसून करू शकतो. करता येईल का, हा मुद्दा संपला. कुठे फरक पडेल, तेवढं बघायचं उरलं.

यंत्र आत कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. ऑसिलेटर विजेची एक लहर तयार करतो. करवतीच्या दात्यांसारखी ती लहर सहायक नादांनी, म्हणजे हार्मोनिक्सनी, गच्च भरलेली असते. फिल्टर त्यातले वरचे नाद छाटतो. किती छाटायचे ती घुंडी म्हणजे कटऑफ. जिथे छाटलं त्या कडेला धार आणणारी घुंडी म्हणजे रेझोनन्स. मग आवाजाचा चढ-उतार ठरवणारा एन्व्हलप. एवढंच. रॉबर्ट मूग यांनी अमेरिकेत 1964 मध्ये या तुकड्यांचं पहिलं मॉड्युलर यंत्र बांधलं. वेंडी कार्लोस यांनी 1968 मध्ये त्यावर बाख या संगीतकाराच्या रचना वाजवल्या आणि हे प्रकरण प्रयोगशाळेतून दुकानात आलं. 1969 मध्ये असा एक मूग अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही बसवला गेला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर त्यासाठी आले होते आणि संगीतज्ञ गीता साराभाई त्या उपक्रमात पुढे होत्या. मिनीमूग 1970 चा, 1981 पर्यंत तो बनत राहिला. मुंबईच्या चित्रपट-संगीतात मूग आणणाऱ्यांत वादक केरसी लॉर्ड यांचं नाव घेतलं जातं.

मूग यांचं फिल्टर ‘लॅडर’ म्हणून ओळखलं जातं. ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक, मध्ये कपॅसिटर. अशा चार पायऱ्या. प्रत्येक पायरी सप्तकामागे 6 डेसिबल छाटते, चार मिळून 24. याचं पेटंट त्यांना 1969 मध्ये मिळालं. नकलेचं बोलतोय म्हणून सांगतो, एआरपी या स्पर्धक कंपनीने आपल्या 2600 या यंत्राच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत याच शिडीच्या धर्तीचं फिल्टर घातलं होतं. पेटंटची अडचण आली तेव्हा त्यांनी ते बदललं. म्हणजे ज्याला आज आपण हात जोडून ‘ओरिजिनल’ म्हणतो त्यातलीही काही मंडळी एकमेकांकडे बघूनच मोठी झालेली आहेत.

आता संगणकाकडे येऊ. इथे थोडा हिशेब आहे, पण तो केल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

संगणक आवाज सलग ओळखत नाही. सीडीच्या दर्जाला तो सेकंदाला 44,100 आकडे मोजतो. त्याच्या निम्म्या, म्हणजे 22,050 हर्ट्झच्या वरचं काही त्याला दाखवता येत नाही. आणि अडचण अशी की वरचं जे आहे ते गपचूप नाहीसं होत नाही, ते उलटं फिरून खाली येतं. समजा, मी 3,000 हर्ट्झचा एक सूर करवती लहरीत वाजवला. शिट्टीसारखा उंच सूर. त्याचे सहायक नाद 6,000, 9,000, 12,000 असे 21,000 पर्यंत नीट येतात. पुढचा 24,000. तो मावत नाही, म्हणून 44,100 वजा 24,000, म्हणजे 20,100 ला येऊन बसतो. त्याच्या पुढचा 17,100 ला. मग 14,100, 11,100, 8,100, 5,100. चौदावा नाद तर 2,100 ला येतो, मूळ सुराच्याही खाली. तीन हजारांच्या पाढ्यात यातला एकही आकडा बसत नाही. म्हणजे हे सगळे नाद बेसूर, आणि तेही न बोलावता आलेले. सूर वर चढवला की ते खाली उतरतात. याला अलियासिंग म्हणतात. (इथे उदाहरण ऐकवलं.) सभागृहात आत्ता काही जण हसले. बरोबर आहे, जुन्या मोबाइलची रिंगटोन आठवली असेल.

1997 च्या सुमारास आलेलं प्रोपेलरहेड या स्वीडिश कंपनीचं ‘रीबर्थ’ म्हणजे एका पडद्यावर दोन 303 आणि एक 808. तेव्हा ते बघून आम्ही अवाक् झालो होतो. स्टाइनबर्ग कंपनीने प्लगिनची, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरची, व्हीएसटी पद्धत 1996 मध्ये आणली होती आणि 1999 मध्ये तिच्यात वाद्यंही बसू लागली. त्या काळातल्या बऱ्याच नकलांचं पितळ याच जागी उघडं पडायचं. खर्जात सगळं छान, वर गेलं की वाळू चावल्यासारखा आवाज. आज त्यावर उपाय आहेत. लहरीचे धारदार कोपरे गणिताने हळुवार करतात किंवा आतल्या आत चौपट-आठपट वेगाने आकडे मोजून मग छाटतात. चांगल्या प्लगिनमध्ये हा दोष आता ऐकू येत नाही. पण फुकटातलं किंवा घाईत केलेलं काही हाती आलं तर पहिली परीक्षा ही: फिल्टर पूर्ण उघडा, करवती लहर लावा आणि सर्वांत वरच्या सप्तकात एक लांब मींड घ्या. सूर वर जाताना काही खाली येताना ऐकू आलं तर तिथेच थांबा.

दुसरी जागा फिल्टरची. माझ्या मते खरी झुंज इथेच झाली. रेझोनन्स कसा तयार होतो? फिल्टरमधून बाहेर पडलेला आवाज पुन्हा त्याच्या तोंडाशी आणून सोडतात. तारेत हे त्याच क्षणी घडतं. संगणकाला मात्र बाहेर काय येणार हे ठाऊक नसताना आत काय घालायचं ते ठरवावं लागतं, कारण आत घातलेल्यावरच बाहेरचं अवलंबून आहे. यातून सोपी पळवाट अशी की मागच्या आकड्याचं उत्तर आताच्यासाठी वापरायचं. उशीर एका आकड्याचा, म्हणजे सुमारे 23 मायक्रोसेकंदांचा. एवढ्याशा उशिराने काय बिघडतं? 100 हर्ट्झला एका आवर्तनात 441 आकडे बसतात, त्यात एक इकडेतिकडे झाला तरी कुणाला पत्ता लागत नाही. पण कटऑफ 10,000 हर्ट्झला नेला की एका आवर्तनात जेमतेम साडेचार आकडे येतात. त्यात एकाचा उशीर म्हणजे जवळपास पाव आवर्तन. रेझोनन्सची शिट्टी जिथे लागायला हवी तिथे लागत नाही, आणि घुंडी फिरवताना तिची धार वाटेत कुठेतरी सांडते.

या प्रश्नावर माणसांनी खूप डोकं लावलंय. टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी 1996 मध्ये मूगच्या फिल्टरचं संगणकाच्या अंगाने विश्लेषण केलं. अँटी हुओविलाइनेन या फिनलंडच्या अभ्यासकाने 2004 मध्ये शिडीच्या प्रत्येक पायरीतल्या ट्रान्झिस्टरचा वाकडेपणा हिशेबात धरणारी रीत मांडली. हा वाकडेपणा महत्त्वाचा आहे. ट्रान्झिस्टरला जोर दिला की तो सरळ वागत नाही, आवाज दबतो आणि दबताना नवे नाद सोडतो. आपल्या लोकांना हे समजावताना मी तानपुऱ्याची जवारी दाखवतो. घोडीवरचा दोरा केसभर सरकवला की तीच तार बोलायला लागते. सूर तोच, ताण तोच, पण तार घोडीला जिथे घासते त्या वाकड्या स्पर्शात सगळी जादू आहे. फिल्टरच्या नकलेत ही घासण आली नाही तर सूर बरोबर येतो आणि आवाज मुका राहतो.

पुढे उशीरच नको म्हणून दर आकड्याला समीकरण पुन्हा पुन्हा सोडवत अचूक उत्तरापर्यंत जाणारी पद्धत आली. बर्लिनच्या यू-ही कंपनीचं ‘दिवा’ 2011 मध्ये आलं, ते या पद्धतीचं. त्यात दर्जाच्या चार पायऱ्या आहेत, सर्वांत वरचीचं नाव ‘डिव्हाइन’. ती लावली की त्या काळचा लॅपटॉप पंख्यासकट ओरडायचा. चार सूर दाबले की आवाज तुटायचा. लोक वैतागले, पण आवाज ऐकून कुणी परत दिलं नाही. माझ्या कानापुरतं सॉफ्टवेअरचं ‘जुन्यासारखं’ हे विशेषण गळून पडलं ते तिथे.

तेव्हा दुसरी परीक्षा अशी. रेझोनन्स जवळजवळ पूर्ण वर न्या आणि कटऑफची घुंडी हाताने फिरवा. तयार पॅच, म्हणजे आधीच बांधून ठेवलेला आवाज, लावून, एक सूर दाबून, डोळे मिटून तुलना करणारे व्हिडिओ मी बघत नाही. स्थिर आवाज कुणालाही जुळवता येतो. घुंडी फिरत असताना, मिक्सरमधले तिन्ही ऑसिलेटर पूर्ण वर असताना, म्हणजे यंत्राला जोर दिलेला असताना काय होतं ते ऐका. मिनीमूगवर वादकांची एक जुनी खोड आहे. हेडफोनच्या भोकातून निघालेली तार बाहेरच्या आवाजासाठी असलेल्या भोकात खुपसायची, म्हणजे यंत्राचाच आवाज पुन्हा यंत्रात. आवाज जाड होतो, मग खरखरीत, मग रानटी. चांगल्या नकलेत ही वाट ठेवलेली असते आणि ती पायरीपायरीने रानटी होते. वाईट नकलेत आधी काहीच नाही आणि मग एकदम आवाज फाटतो. फ्रान्सच्या आर्टुरियाने 2004 मध्ये मिनीमूग प्लगिन आणलं तेव्हा आनंद झाला होता. पण 2013 मध्ये नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचं ‘मोनार्क’ आलं आणि त्याच्याशेजारी ते जुनं प्लगिन फारच सभ्य वाटू लागलं. आर्टुरियाने नंतर आपलं काम पुष्कळ सुधारलं, हेही सांगायला हवं. दहा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवरून आजच्या कंपनीला नावं ठेवणारे लोक अजून भेटतात.

आता जरा मूळ यंत्राकडे वळू, कारण ‘मूळ’ म्हणजे नेमकं कोणतं हाही प्रश्नच आहे. सुमारे 12 हजार मिनीमूग बनले. सुरुवातीच्यांचे ऑसिलेटर-बोर्ड वेगळे, नंतरच्यांचे वेगळे, अधिक स्थिर. प्रॉफेट-5 चं उदाहरण त्याहून बोलकं आहे. डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्सने तो 1978 मध्ये आणला. पाच सूर एकदम, आत झेड-80 प्रोसेसर आणि 40 आवाज साठवायची सोय. तोवर आवाज लक्षात ठेवायचा म्हणजे घुंड्यांची चित्रं कागदावर काढायची. पहिल्या दोन आवृत्त्यांत एसएसएम या कंपनीच्या चिप होत्या. तिसऱ्या आवृत्तीपासून कर्टिसच्या चिप आल्या आणि आवाजाचा पोत बदलला. दोन्हींचे भक्त आजही एकमेकांच्या घरी पाणी पीत नाहीत. मग प्रॉफेटची नक्कल म्हणजे कोणाची? नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं जुनं ‘प्रो-53’ आणि यू-हीचं 2017 चं ‘रेप्रो-5’ यांची तुलना करताना लोक एकाला खरं, दुसऱ्याला खोटं ठरवतात. रेप्रो कितीतरी सरस आहे हे मलाही मान्य आहे. सर्किटमधल्या एकेका भागाचं वर्तन मोजून ते बांधलंय. पण प्रत्येक नक्कल ही कुणातरी एका यंत्राची तसबीर असते, त्या यंत्राच्या वयासकट, ते कुणी दुरुस्त केलं त्यासकट.

यावर कडी म्हणजे 2020 मध्ये सिक्वेन्शियलने प्रॉफेट-5 पुन्हा हार्डवेअरमध्ये काढला. त्यावर दोन्ही कुळांचं फिल्टर निवडायची सोय दिली आणि शिवाय ‘व्हिंटेज’ नावाची एक घुंडी बसवली. ती फिरवली की सूर एकमेकांपासून किंचित सरकू लागतात, यंत्र म्हातारं झाल्यासारखं वागतं. मूळ निर्मात्यालाच आपल्या यंत्राचा वेंधळेपणा आता घुंडीवर विकावा लागतो म्हटल्यावर प्लगिनला ‘हा खरा नाही’ म्हणून हिणवण्यात काय अर्थ आहे?

म्हणून तिसरी परीक्षा: एकच सूर पुन्हा पुन्हा दाबा. पॉलिफोनिक, म्हणजे एकदम अनेक सूर वाजवणाऱ्या, बऱ्याच खऱ्या यंत्रांत प्रत्येक वेळी तो दुसऱ्या सर्किटकडे जातो आणि केसभर वेगळा येतो. नकलेत प्रत्येक वेळी हुबेहूब तोच आला तर तार जिवंत नाही. पण हे सरसकट सगळ्यांना लावू नका. रोलंडच्या जुनो-60 मध्ये, 1982 च्या, ऑसिलेटर डिजिटल घड्याळावर चालतो, सूर हलतच नाही. तिथे सगळा स्वभाव कोरसच्या, म्हणजे आवाज रुंद करणाऱ्या सोयीच्या, दोन बटणांत आहे. स्वित्झर्लंडच्या टॅल या एकट्यादुकट्या माणसाच्या कंपनीने ‘यू-नो-एलएक्स’मध्ये तो कोरस त्याच्या खरखरीसकट आणलाय. जुनोसाठी लाखभर रुपये घालू नका, असं मी बेधडक सांगतो. ज्यांनी घातलेत त्यांनी रागावू नये.

आता सीएस-80. यामाहाचं 1977 चं धूड, वजन शंभर किलोच्या आसपास. व्हँजेलिस यांनी ‘ब्लेड रनर’ चित्रपटाचं संगीत ज्यावर उभं केलं ते हे. इथे फिल्टर वगैरे राहू द्या, मामला बोटांचा आहे. त्याच्या प्रत्येक पट्टीला स्वतंत्र दाब कळतो. एका बोटाने सूर धरून ठेवा, दुसरं बोट जरा जास्त रुतवा, तेवढाच सूर फुलतो. शिवाय पट्ट्यांच्या वर एक लांब फीत, तिच्यावर बोट घसरवून मींड. आर्टुरियाने 2003 मध्येच त्याची नक्कल केली आणि लोक म्हणाले, त्यात ती बात नाही. कशी असेल? वाजवणाऱ्याच्या हाताखालचा कीबोर्ड फार तर सगळ्या पट्ट्यांचा मिळून एकच दाब सांगणारा. आता एकेका पट्टीचा दाब कळणारे कीबोर्ड पुन्हा मिळू लागलेत. ते लावून ऐकल्याशिवाय सीएस-80 च्या नकलेवर मत देऊ नये. सतार अंगठ्याने वाजवून ती घराण्याची नाही म्हणण्यात काय हशील?

शेवटी चरणजित सिंग यांच्या 303 वर येतो. ते या सगळ्यांत लहान, प्लॅस्टिकचं, आणि माझ्या मते नक्कल करायला सर्वांत अवघड. रोलंडने ते गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेस मिळावा म्हणून काढलं. बेससारखं ते वाजलंच नाही. 1984 पर्यंत बंदही झालं. एक ऑसिलेटर, एक फिल्टर, घुंड्या मोजक्या. मग अवघड काय? दोन गोष्टी. एक ‘स्लाइड’: खूण केलेल्या सुरावरून पुढच्या सुरावर घसरत जाणं. ही घसरण लयीवर अवलंबून नाही. लय द्रुत करा वा विलंबित, ती सुमारे 60 मिलिसेकंदांतच होते. विलंबित लयीत ती हिसक्यासारखी वाटते, द्रुत लयीत सुरासुरांमधली जागाच खाऊन टाकते. चरणजित सिंग यांच्या त्या ध्वनिमुद्रिकेत राग डिस्कोच्या चालीवर धावतो आणि खाली हे यंत्र घसरत राहतं, त्यातून जी मींड ऐकू येते ती कुणी शिकवून येणारी नाही.

दुसरी ‘अ‍ॅक्सेंट’, म्हणजे आघात. खूण केलेला सूर नुसता मोठा वाजत नाही. आत एक कपॅसिटर भरतो आणि फिल्टर वर उचलला जातो. तो पूर्ण रिकामा व्हायच्या आत दुसरा आघात आला तर उरलेल्यावर नवं भरलं जातं. म्हणजे लागोपाठ तीन आघात दिले तर तिसरा पहिल्यापेक्षा अधिक उघडा, अधिक किंचाळणारा येतो. यंत्राला मागचं आठवतं. पुष्कळ नकलांनी आघात म्हणजे ‘आवाज मोठा, फिल्टर जरा वर’ एवढं धरलं आणि प्रत्येक आघात एकाच मापाचा दिला. वेगवेगळे ऐकले तर फरक कळत नाही. सलग चार आघातांची ओळ लावली की पहिल्याच आवर्तनात कळतं. (इथे दोन्ही आवाज पाठोपाठ ऐकवले.) रोलंडने 2014 पासून सर्किटचं वर्तनच उतरवण्याची जी पद्धत आपल्या यंत्रांत आणि पुढे सॉफ्टवेअरमध्ये आणली तिच्यात ही आठवण आहे, काही छोट्या कंपन्यांच्या नकलांतही आहे.

एक मात्र सॉफ्टवेअरमध्ये सहसा उतरवलेलं नाही, आणि उतरवूही नये. मूळ 303 मध्ये सूर एकदा भरायचे आणि त्यांची लय वेगळी भरायची, असा चक्रावून टाकणारा प्रकार होता. बॅटरी काढली की भरलेल्या ओळींचा विचका व्हायचा. हाताने भरलेलं आणि यंत्राला कळलेलं यांत अंतर पडायचं, आणि त्या चुकांतूनच कितीतरी ओळी जन्मल्या. लॅपटॉपच्या पडद्यावर माऊसने ठोकळे लावताना चूक होत नाही, त्यामुळे असं काही हातीही लागत नाही. हा सॉफ्टवेअरचा दोष म्हणवत नाही, पण तुलनेच्या तक्त्यात याला रकाना नसतो म्हणून सांगितलं.

मग काय घ्यावं? मला विचाराल तर गाण्याच्या मिश्रणात, ढोलकी, गायक आणि चार तंतुवाद्यं यांच्या मागे, आजच्या चांगल्या नकलेतला आणि मूळ यंत्रातला फरक मला स्वतःला ओळखता येत नाही. कुणी ओळखतो म्हणाला तर मी त्याला डोळे बांधून बसवतो, आणि मग तो चहा मागवतो. एकट्या वाद्याचा तुकडा असेल, घुंडी हातात असेल, तर फरक अजून आहे, पण तो दरवर्षी कमी होतोय. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने व्हीसीव्ही रॅक आणि सर्ज ही दोन्ही फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्यावीत. पहिल्यात मूग यांच्या मॉड्युलरसारख्या तारा जोडायला मिळतात, म्हणजे झाकण न उघडता आतलं कळतं. ज्याच्याकडे थोडे पैसे आहेत त्याने दहा प्लगिनांचा संच घेऊ नये. एकच घ्यावं, तयार पॅच बंद करून घुंड्यांनी आवाज बांधायला शिकावं आणि मग हवं तर दुसऱ्याकडे बघावं. हल्लीचे संच हजारो तयार आवाजांसह येतात आणि ते चाळण्यातच मुलांची उमेदीची वर्षं जातात, हे मी रोज बघतो.

आता एक विनंती करतो आणि थांबतो. यंत्रांच्या नकला झाल्या, पण मुंबईच्या स्टुडिओंत त्या यंत्रांवर बांधलेले आवाज, माझ्या माहितीप्रमाणे, कुणी सॉफ्टवेअरमध्ये घातलेले नाहीत. मिनीमूगला स्मरण नव्हतं, त्याचे आवाज वादकाच्या वहीत किंवा बोटांत होते. या सभागृहात वाद्यवृंदातले, चित्रपटांच्या वादकांतले, जुन्या ध्वनिमुद्रकांच्या घरचे लोक बसलेत. तुमच्या माळ्यावर एखादं जुनं यंत्र असेल, घुंड्यांची चित्रं काढलेली वही असेल, तर भंगारात किंवा ऑनलाइन विकण्याआधी तीन कामं करा. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. यंत्र चालू असेल तर एकेक घुंडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवून तो आवाज रेकॉर्ड करून ठेवा, नुसतं गाणं वाजवून नको. आणि आवाज साठवणारं यंत्र असेल तर जाणत्या माणसाकडून आतली बॅटरी आधी बदलून घ्या. ती गळली की बोर्ड खाऊन टाकते, आणि मग नक्कल करायलाही काही उरत नाही.